नळ बंद करा, माणसं घरी आणा

शनिवारच्या निदर्शनाचा फलक रंगवायला सांगायचं काम सूनबाईकडे होतं. ते तिने चिमीला मांडीवर घेऊन फोनवर उरकलं, आणि तिथेच घोळ झाला.

शांतता गट म्हणजे जेमतेम चौघी. निवृत्त शिक्षिका बाई, दातांची डॉक्टरीण, सासूबाई आणि त्यांच्याबरोबर येते म्हणून सगळ्यांची सूनबाई. युद्ध लांबच्या देशात चालू होतं. ते कशासाठी सुरू झालं हे आता फक्त बाईंनाच आठवत होतं, कारण त्या इतिहास शिकवायच्या. सूनबाईचा नवरा तिथल्या लष्करी तळावर जनरेटर दुरुस्त करायचा. गेला होता ‘थोडे दिवस’ म्हणून. मागे चिमी जन्मली, रांगली, बोलायला लागली. तिच्या लेखी बाबा म्हणजे फोन. ती फोनला घास भरवायची, पांघरूण घालायची, आणि चार्जिंगला लावला की सांगायची, “बाबा जेवतोय.”

“काका, घ्या लिहून,” सूनबाई पेंटरकाकांना म्हणाली. “तळ बंद करा, माणसं घरी आणा.”

“नळ बंद करा...”

“नळ नाही हो, तळ! त! तबल्यातला—”

तेवढ्यात चिमीने फोन ओढला. “बाबा!”

“बोल बाळा,” पेंटरकाका म्हणाले.

“बाबा, ये!”

“येतो हं. रंग वाळला की येतो.”

आणि फोन बंद झाला. ‘येतो’ हा शब्द चिमीने फोनमधून पहिल्यांदाच ऐकला होता. तिने फोन पोटाशी धरला आणि तशीच झोपून गेली. पुन्हा फोन करायचा म्हणजे तो तिच्या मिठीतून काढायचा. सूनबाईने हात पुढे केला, मागे घेतला. लिहितील बरोबर, म्हणाली.

पेंटरकाका त्या आठवड्यात पाणीखात्याच्या पाट्या रंगवत होते. डबा निळा, हात तोच, अक्षर तेच. शनिवारी सकाळीच त्यांनी हौसेने फलक स्वतः चौकातल्या कठड्याला बांधला: ‘नळ बंद करा! माणसं घरी आणा!’

पहिल्यांदा तो दूधवाल्याने वाचला. त्याने कोपऱ्यावरच्या काकूंना सांगितलं, आणि मग वेगळी दवंडी पिटायची गरज उरली नाही. पाणी जाणार, आणि इतकं जाणार की खातं म्हणतंय माणसं घरी आणा! बायकांनी टब, पातेली, घमेली, फुलदाण्यासुद्धा भरल्या. मग फोन सुरू झाले.

“अहो, आहात तसे घरी या!”

“अगं, साहेब समोर बसलेत.”

“त्यांनाही सांगा, घरी जाऊन अंघोळ उरका म्हणावं!”

गट चौकात पोचला तेव्हा पाय ठेवायला जागा नव्हती. बायका होत्या, बादल्या होत्या, कचेरीतून धापा टाकत आलेले नवरे होते. बाईंनी गर्दी पाहिली, फलकाकडे पाहायचं भानच राहिलं नाही. इतकी वर्षं समोर फक्त एक कुत्रं बसायचं, तेही डॉक्टरीणबाईंच्या बिस्किटांसाठी.

“लोक जागे झाले गं!” म्हणत बाई बाकावर चढल्या. “किती वर्षं सहन करायचं?”

“नाही करणार!” गर्दी गरजली.

“हा तळ हवा होता कुणाला? मागितला होता कुणी?”

“आम्ही मागितला होता!” मागून एक टक्कल ओरडलं. “रीतसर अर्ज करून! सहज नाही मिळाला नळ!”

बाई गोंधळल्या. तेवढ्यात पाणीखात्याचे साहेब घामाघूम होऊन आले. “नळ कोण बंद करतंय? मी करतो ना बंद! मग मलाच कसं माहीत नाही?”

आता सगळ्यांनी फलक नीट वाचला. सूनबाईचा चेहरा पडला. डॉक्टरीणबाई हळूच पुटपुटल्या, “गप्प बसू या. निदान माणसं तरी जमलीत.”

“खोटं सांगून जमवलेली माणसं आपल्याला नकोत,” सासूबाई म्हणाल्या. आयुष्यात एक खोटा शब्द न बोलल्याचा त्यांचा लौकिक होता आणि घरातल्यांना त्याचा बराच ताप होता. त्या गर्दीकडे वळल्या. “नळ नाही, तळ आहे तो. परदेशातला. माझा पोरगा अडकलाय तिथे. गेला तेव्हा तंबू होते. आता म्हणे तळावर केकचं दुकान निघालंय. दुकानं निघाली की माणसं उठत नाहीत हो, म्हणून आम्ही इथे उभ्या राहतो.”

मग टकलू म्हणाला, “म्हणजे पाणी आहे?”

“आहे!” साहेब म्हणाले. “खात्री पटावी म्हणून आज संध्याकाळपर्यंत जोरात सोडून ठेवतो!”

गर्दी बघून आलेल्या पेपरच्या फोटोवाल्याने फलकाखाली कुणाच्यातरी रिकाम्या टबात बसलेल्या चिमीचा आणि तिच्याजवळ डोळे पुसत उभ्या असलेल्या सूनबाईचा फोटो काढला. आणि गर्दी पांगली.

पण कामावर परत कुणी गेलं नाही. आलोच आहोत घरी, तर असू दे, असं प्रत्येकाला वाटलं. सूनबाई चिमीला कडेवर घेऊन गल्लीतून चालली तेव्हा प्रत्येक खिडकीत एकेक नवरा होता. कुणी कांदा चिरत बोलणी खात होतं, कुणी बनियनवर पेंगत होतं. एकाला बायको विचारत होती, “आता भरलेल्या एवढ्या पाण्याचं करू काय?” आणि तो म्हणत होता, “बस इथे. मग बघू.” फलकाने सांगितलं ते अख्ख्या गल्लीने केलं होतं. माणसं घरी आणली होती. फक्त जिने सांगितलं तिच्याच दाराला बाहेरून कुलूप होतं.

दिवेलागणीला ती स्वयंपाकघरात भांडी घासत होती. नळ धो धो वाहत होता. फोन वाजला.

“काय गं, काय चाललंय तिकडे?” नवऱ्याचा आवाज चढला होता. “तुमचा फोटो इथे सगळ्यांच्या फोनवर फिरतोय. पाणी बंद झालंय?”

“अरे, ते...”

“ऐक आधी. इथल्या साहेबांनी बोलावलं मला. इतके अर्ज केले, बायको, मुलगी, आई, सगळं लिहिलं. दर वेळी उत्तर एकच, युद्ध चालू आहे. आज फोटो बघून म्हणाले, घरात पाणी नाही आणि तू इथे काय करतोस? जा, सोय लावून ये! रजेवर सही व्हायचीय फक्त. म्हणाले, घरी विचारून घे, खरंच पाणी नाही ना?”

चिमी पायाला बिलगून वर बघत होती. “बाबा येतो?” तिने विचारलं.

“हॅलो? आणि मागे आवाज कसला येतोय?”

सूनबाईने साबणाच्या हाताने नळ पिळला. पण आवाज थांबेना. बाथरूममधला नळही सासूबाईंनी बादलीखाली सोडलेला होता. तिने घाबरून मागे वळून पाहिलं.

सासूबाई दारात उभ्या होत्या. सगळं ऐकलं होतं त्यांनी. सुनेकडे एकदा, नातीकडे एकदा पाहून त्या आत गेल्या. नळाची चावी करकरली. घर एकदम शांत झालं.

“सांग त्यांना,” आतून सासूबाईंचा खणखणीत, खरा आवाज आला, “घरातले सगळे नळ बंद आहेत.”