शुभ्रपंतांचे टिपके

एका जंगलात, मुलांनो, एक वाघ राज्य करत होता. पोट भरलेलं असलं की त्याला प्रजेचं कल्याण आठवे. एका दुपारी तो असाच जेवून बसला होता.

तो म्हणाला, "ज्याला जी जागा आवडते, ती त्याला कायमची देऊन टाकू. पण कुणाला काय आवडतं, हे कळायचं कसं?"

"विचारून," खैराबाई नावाची म्हातारी सांबरीण म्हणाली. सगळा दरबार हसला.

"विचारायचं नसतं, मोजायचं असतं," शुभ्रपंत बगळे म्हणाले. पंत एका पायावर उभे राहून विचार करत. त्यामुळे ते विद्वान समजले जात.

पंतांनी वीस सांबरांच्या गळ्यात वेलींनी शिंपले बांधले. रोज ते आकाशात उंच जात. खाली शिंपला जिथे चमकेल, तिथे सागाच्या पानावर चोचीने टिपका पाडत. जिथे टिपके दाट, तिथली आवड दाट, असा त्यांचा हिशेब.

महिन्याने निकाल आला.

"सांबरांना नदीकाठचं कोवळं गवत आवडत नाही," पंत म्हणाले. "त्यांना उघडा कातळ आवडतो. पण त्याहून आवडते बिबट्याची गुहा. तीन सांबरं तिथे गेली, ती महिनाभर हललीच नाहीत!"

खैराबाई पुढे आली. त्या तिघांत तिचा दीर होता.

"अहो पंत, बिबट्याने ओढून नेलं त्यांना! गुहेच्या तोंडाशी नुसते शिंपले उरलेत. त्याच्या भीतीनेच आम्ही कातळावर बसतो."

"भीतीचा टिपका पडत नाही, बाई."

राजाने हुकूम काढला. आठ दिवसांत सगळ्या कळपाने गुहेजवळ राहायला जायचं. बिबट्या गहिवरला. म्हणाला, "शास्त्रावर माझी पहिल्यापासून श्रद्धा आहे."

खैराबाईने डोळे पुसले. "महाराज, जायच्या आधी एकदा तुमच्या डोळ्यांदेखत मोजून घ्या."

राजा कबूल झाला.

कळपात येऊन ती म्हणाली, "चावा रे वेली!" सांबरांनी एकमेकांच्या गळ्यातल्या वेली कुरतडल्या. शिंपल्यांचे सतरा पट्टे निघाले. पंत जिथे मासे धरत, त्या तळ्यात वाळकी खोडं होती. त्यांवर खैराबाईने सगळे पट्टे टांगले.

ठरल्या दिवशी राजा आणि पंत टेकडीवर चढले. खाली तळं नुसतं लखलखत होतं.

"अरे वा!" राजा म्हणाला. "सांबरांना तळं आवडतं की!"

"महाराज, तिथे सांबरं नाहीत. नुसते पट्टे आहेत!"

"मग गुहेत काय होतं?"

पंतांनी दुसरा पाय खाली टेकला. खरं सांगावं तर विद्वत्ता जाते, न सांगावं तर तळं जातं. त्यांनी बराच विचार केला.

"सांबरंच आहेत, महाराज," ते म्हणाले.

तळं सांबरांना मिळालं. भोवती सगळं मोकळं, बिबट्याला दबा धरायला झुडूप नाही. सांबरं दिवसभर डुंबू लागली. पाणी गढूळ झालं आणि पंतांना मासा दिसेना. तेव्हा खैराबाईनेच त्यांना आपल्या पाठीवर बसवून घेतलं. तिथल्या गोचिड्या खाऊन पंत आता बरे जाड झालेत. कुणी विचारलं तर सांगतात, "मला पहिल्यापासून गोचिड्याच आवडतात."

तात्पर्य : सत्याचाच विजय होतो. फक्त ते राजाला टेकडीवरून दिसेल अशा जागी आधी नेऊन टांगावं लागतं.