अर्जदार मीच!

बी.ए.चा निकाल लागला त्या दिवशी आमच्या मंजुश्रीनं पेढ्यांचा पुडा माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, "बाबा, मले बी.पी.एड. करायचं हाये. दोन वर्षं फक्त. मंग मी पीटीची मॅडम!"

मला इतका आनंद झाला की पेढा तिला भरवायच्या ऐवजी मीच खाल्ला. (दोन खाल्ले.) पोरगी आठवीपासून चिखलीतल्या शाळेच्या मैदानावर पळते आहे. घरात सहा मेडल आहेत आणि त्यातलं एकही माझं नाही. त्या भरात मी जाहीर करून टाकलं, "तू फक्त पळ. कागदाचं समदं मी पाह्यतो."

मी तालुक्याच्या एका कचेरीत एकोणीस वर्षं लिपिक आहे. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मी लगेच दोन वर्षांचा आराखडा आखला. चार सेमिस्टर, हॉस्टेल, बूट, शाळेतले सराव पाठ आणि शेवटच्या चौकोनात लाल शाईनं 'नोकरी'. सवयीनं वर जावक क्रमांकही टाकला. शरीररचना या विषयापुढे लिहिलं, 'बाबा शिकवतील.'

"तुमी?" माझी बायको रेणुका म्हणाली. "सोताचा गुडघा अखरीले कवा पाह्यला होता?"

मी खाली पाहिलं. मधे पोट आलं. मी विषय बदलला.

मग मोबाइलवर प्रवेश परीक्षेचा अर्ज उघडला. पहिलाच रकाना, अर्जदाराचं नाव. आता हा तर माझा हातखंडा विषय! एकोणीस वर्षं मी खिडकीतून लोकांवर ओरडत आलोय, "अर्जदार येगळा, लाभार्थी येगळा! अर्ज करते तो अर्जदार, फायदा भेटते तो लाभार्थी!" अर्ज मी करत होतो. मी माझं नाव टाकलं. फोटोही माझाच चढवला. शिकणार मंजुश्री, म्हणून लिंगाच्या रकान्यात मात्र 'स्त्री'. पुढे लाभार्थ्याचा रकाना शोधशोध शोधला, सापडेना. शेवटी 'आपत्कालीन संपर्क' अशी एक रिकामी जागा दिसली. तिथं मंजुश्रीला बसवलं आणि बटण दाबलं.

आठ दिवसांनी दुपारी प्रवेशपत्र आलं. ते पाहून मंजुश्रीचं तोंड एवढंसं झालं.

"बाबा, हे काय?"

उमेदवार, प्रेमानंद. लिंग, स्त्री. वर माझा मिशीवाला फोटो. सोमवारी सकाळी सात वाजता शंभर मीटर धावणे आणि लांब उडी.

"शंभर मीटर?" रेणुका म्हणाली. "हे तं कोपऱ्यावर दूध आनाले गाडीवर जातात!"

मंजुश्री हसली नाही. "दुरुस्तीचा आज शेवटचा दिवस हाये. पाच वाजेलोक कागदं घेऊन बुलढान्याले कॉलेजात जा लागते. नाही तं वर्ष गेलं माहं."

ती रडकुंडीला आली. पोरीचं अख्खं वर्ष माझ्या एका रकान्यानं खाल्लं असतं!

"चाल!" मी कागद पिशवीत कोंबले. आम्ही बसस्टँडवर पोचलो तर बुलढाण्याची एसटी फाटकातून बाहेर पडत होती. "थांबवा हो!" म्हणत मी पळालो. विसाव्या पावलाला चप्पल गेली, तिसाव्याला दम. मंजुश्रीनं माझ्या हातातली पिशवी ओढली. "बाबा, तुमी राहू द्या!" म्हणाली आणि सुटली.

काय पळाली हो! ऑटो मागे पडला, मोटारसायकल मागे पडली, भाजीवाली माप हातात धरून बघत राहिली. कंडक्टरनं दार उघडलं, तिनं दांडी पकडली आणि आत! मी एका पायात चप्पल घालून रस्त्याच्या मधोमध टाळ्या वाजवत होतो. इतका अभिमान मला स्वतःच्या नोकरीच्या ऑर्डरचाही वाटला नव्हता.

"माही पोरगी हाये!" मी पानठेल्यावाल्याला सांगितलं.

त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आईवर गेली असंन," तो म्हणाला.

पावणेपाचला घरी फोन वाजला. मी स्पीकरवर टाकला.

"बाबा, झालं! नाव झालं, फोटो झाला. सोमवारी मीच पळनार!"

मी आराखड्यातल्या पहिल्या चौकोनावर एवढी मोठी बरोबरची खूण केली की दुसरं सेमिस्टरही त्यात झाकलं गेलं.

"सर लई हासले," मंजुश्री सांगत होती. "म्हने, पह्यल्या मॅडम कुठी हायेत? मी म्हटलं, त्याईची बस चुकली."

"मंग माहं नाव पुरंच खोडलं का?"

"नाही ना. सरनं दोन्ही नावाईची अदलाबदल केली. आता मी अर्जदार आन् तुमी आपत्कालीन संपर्क."

चला, अर्जावर कुठंतरी आहोत! माझी छाती फुगली. तेवढ्यात रेणुकानं फोन हिसकावला.

"मंजू, सर हायेत का अजून तिथी? त्याईले म्हन, 'संपर्क' खोडा. नुसती 'आपत्ती' लिहा."