बघायच्या कार्यक्रमाचा गालिचा

दीपाला बघायला श्रीगोंद्याची मंडळी पंधरा दिवसांनंतरच्या रविवारी येणार असं ठरलं, तेव्हा तिच्या आईनं, जयमालाबाईंनी, पोह्यांच्या आधी गालिच्याची चौकशी केली. गालिचा घरात नव्हता. तो चार घरं सोडून साळूबाईंकडे गेला होता. त्यांच्या नातीला बघायला जामखेडचे पाहुणे आले होते.

"जमलं का?" जयमालाबाईंनी नवऱ्याला विचारलं.

"जमलं की. न जमून सांगतंय कुनाला?" जालिंदर म्हणाले आणि गालिचा आणायला निघाले. गालिचा खांद्यावर टाकून घरी आणायचं काम नेहमी त्यांच्याच वाट्याला येई.

खरं तर तो त्यांनी स्वतःला बसायला घेतला होता. सारी नोकरी त्यांनी लष्कराच्या ऑफिसर मेसमध्ये वाढप्याची केली. हातात ट्रे घेऊन त्या लाल-निळ्या इराणी गालिच्यावरून हजार वेळा जायचं, पण बसायचं नाही. पुढे मेसमध्ये नवा गालिचा आला, जुना कंडम मालाच्या लिलावात निघाला आणि जालिंदरनी बोली लावून तो भिंगारला आणला. रिटायर झाल्यावर त्यावर पाय पसरून पेपर वाचायचा, एवढीच त्यांची हौस. पण घरी आल्याबरोबर जयमालाबाईंनी तो भाचीच्या बघायच्या कार्यक्रमाला दिला. भाचीचं जमलं. मग शेजारणीच्या लेकीचं जमलं. मग गल्लीतली एक पोरगी, जिनं पाहुण्यांना "तुमच्या मुलाचे केस लवकर गेले का हो?" असं तोंडावर विचारलं होतं, तिचंही जमलं, तेव्हा मात्र गल्लीची खात्री पटली. त्या गालिच्यावर बसलेल्या मुलीला नकार येत नाही.

"आपन बुद्धाला माननारी मानसं. असलं काय मानत न्हाई," जालिंदर म्हणत.

"मी तरी कुठं मानते?" जयमालाबाई म्हणत. "पन गालिचा हाय तर हाय. वापराय काय जातं?"

दीपाचाही विश्वास नव्हता. सावेडीतल्या कॉम्प्युटर क्लासात ती नुकतीच शिकवायला लागली होती. सरांनी तिला नवीन बॅच स्वतंत्रपणे द्यायचं कबूल केलं होतं. नव्याण्णव साल होतं, सगळ्या नगरला अचानक कॉम्प्युटर शिकायची घाई झाली होती, आणि अशात आपण लग्न करून श्रीगोंद्याला ऊस बघत बसायचं हे तिच्या डोक्यात बसत नव्हतं. मुलगा म्हणे शुगर फॅक्टरीत केमिस्ट होता, नाव सम्राट. असेल. तिला नकार हवा होता. आणि गालिच्यावर आपला विश्वास नसला तरी धोका कशाला पत्करा, असा साधा हिशेब करून तिनं गालिचाच काढून टाकायचं ठरवलं.

क्लासात इंटरनेट होतं. संध्याकाळी फोनची लाइन मोकळी झाली की मोडेम खरखरायचं आणि सगळं जग सावेडीत यायचं. त्या जगात लिलावाची एक साइट होती. कुणी घरातली जुनी घड्याळं विकत होतं, कुणी कॅमेरे, आणि एक अख्खं पान वापरलेल्या गालिच्यांचं होतं. दीपानं गालिच्याचा फोटो स्कॅन करून चढवला आणि खाली कौतुकाचा पाऊस पाडला. अस्सल इराणी, फार जुना, लष्करी अधिकाऱ्यांच्या वापरातला, एक डाग नाही की एक भोक नाही. बोली लागली. मुंबईचा एक जण आणि पुण्याचे कुणी मोघे यांच्यात आठवडाभर चुरस चालली आणि शेवटी मोघ्यांनी बाजी मारली. येऊन बघणार, पैसे देणार आणि घेऊन जाणार असं ठरलं.

जालिंदरनी ऐकून घेतलं. पेपर वाचायची हौस केव्हाच मिटली होती आणि खांदा तर रोज दुखत होता. शिवाय पोरगी इतक्यात जाऊ नये, असं त्यांनाही आतून वाटत होतं. "इकला तर इकला," ते म्हणाले. "पन आईला तू सांग."

आईनं आकांत केला नाही. तिनं फक्त अट घातली. "बघायचं हुईस्तवर गालिचा घरातनं हालनार न्हाई. मग नेऊ दे त्याला कुठं न्यायचा तो."

"बरं," दीपा म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी मोघ्यांना ईमेल केला, की रविवारी सकाळी लवकर या. म्हणजे पाहुणे यायच्या आधीच गालिचा गेलेला असता. अर्थात पाहुण्यांचा उल्लेख तिनं केला नाही.

हे स्थळ आणलं होतं बन्सीमामांनी. जयमालाबाईंचे ते धाकटे भाऊ, काष्टीच्या बाजारात बैलांचा व्यापार करायचे. शनिवारीच मुक्कामाला आले. त्यांना लिलावाची हकिकत कळली तेव्हा त्यांचा घास हातात राहिला.

"भाव ठरला, आन् मानसानं माल बघितलाच न्हाई?"

"फोटो बघितला, मामा."

"फोटूत बैलाचे दात दिसत्यात व्हय? पोरी, हा एक तर येडा हाय न्हाईतर लई शाना."

रविवारी मोघे सकाळी लवकर आले नाहीत. सुप्याजवळ त्यांची गाडी पंक्चर झाली. श्रीगोंद्याची मंडळी मात्र सांगितल्यापेक्षा आधीच आली. मुलगा, त्याची आई काशीबाई आणि एक चुलते. ते चपला काढत होते, तेवढ्यात दारात पांढरी मारुती थांबली आणि जाड चष्म्याचे, पांढऱ्या दाढीचे मोघे उतरले. त्यांनी आत पाऊल टाकलं, खाली अंथरलेला गालिचा पाहिला आणि पाहुण्यांना नमस्कार करायचंही विसरून गेले.

"हा उन्हात बघायला हवा," ते म्हणाले. "दिव्याखाली रंग कळत नाहीत. जरा उचलता का पलीकडून?"

पलीकडून म्हणजे सम्राट उभा होता तिकडून. तो बिचारा मुकाट्यानं वाकला. नवऱ्या मुलानंच गालिचा उचलून अंगणात नेला, हे जयमालाबाई नुसत्या बघत राहिल्या. पाहुण्यांसमोर ओरडता येत नव्हतं. त्या दात आवळून हसल्या आणि नवऱ्याला हळूच म्हणाल्या, "आत आना त्यो."

जालिंदर बाहेर जाऊन आले. "कसा आनू? मानूस त्यावर पालथा झोपलाय."

ते खरं होतं. मोघे खिशातलं भिंग काढून गालिच्यावर पालथे पडले होते आणि तसूतसूनं पुढे सरकत होते. अशा माणसाखालून गालिचा ओढायचा कसा, हे कुणालाच सुचेना. "ऱ्हाऊ द्या हो," काशीबाई म्हणाल्या. "आमाला सतरंजी बी चालती." मग घाईनं सतरंजी अंथरली गेली. स्वयंपाकघरातून हे ऐकताना दीपाला मनातल्या मनात नाचावंसं वाटलं.

पोह्यांच्या बशा घेऊन ती बाहेर आली, सतरंजीवर बसली आणि मान खाली घालून वाट पाहू लागली. मग चुलते म्हणाले, "सम्राट, विचार काय विचारायचं ते."

सम्राट दारातून अंगणात बघत होता. "ते काय शोधतायत?" त्यानं विचारलं.

"विणीतल्या गाठी मोजतायत," दीपा म्हणाली. "जितक्या जास्त तितका माल चांगला."

"मधेच चुकले तर?"

"पहिल्यापासून."

सम्राट हसला. मोठ्यानं नाही, पण त्याच्या बशीतले चार पोहे सतरंजीवर सांडले आणि ते त्यानं गुपचूप वेचले. दीपालाही हसू आवरेना. मग तो म्हणाला, "तुम्ही क्लासात शिकवता ना? मला शिकायचंय. लॅबमध्ये नवीन कॉम्प्युटर आलाय, त्यावर आम्ही टॉवेल घालून ठेवलाय."

"लग्नानंतर कसली शिकवनी," चुलते म्हणाले.

"का? नोकरी सोडायची कशाला? मीच नगरला खोली घेईन. कारखान्याला जायला माझी मोटरसायकल आहे की." हे त्यानं आईकडे न बघता, अगदी साधेपणानं सांगितलं.

दीपानं पहिल्यांदा मान वर करून त्याच्याकडे नीट पाहिलं. नंतर दारातून अंगणात पाहिलं. तिथे मोघे उठून कपडे झटकत होते आणि ड्रायव्हर मारुतीच्या टपावर दोरी टाकत होता. ती विश्वास ठेवणारी नव्हती. पण आईच्या भाचीचं जमलं होतं, साळूबाईंच्या नातीचं जमलं होतं, केसांवरून बोलणाऱ्या त्या पोरीचंसुद्धा जमलं होतं, आणि आपण बसलोय सतरंजीवर.

"पाणी आणते," म्हणून ती उठली आणि तडक अंगणात गेली.

"साहेब, एक सांगायचं राहिलं. याच्या कोपऱ्यात कसर लागलीय."

मोघ्यांनी कोपरा उलटून पाहिला. "वा! म्हणजे लोकर शंभर टक्के खरी. नकली धाग्याला कसर तोंड लावत नाही."

दीपा आत गेली, पाणी ठेवलं, दोन मिनिटं बसली आणि चहाच्या निमित्तानं परत आली. "मधोमध जळलाय बघा. कुणा मेजरसाहेबांचा सिगार पडला होता."

"कोणत्या साली?" मोघ्यांचे डोळे चमकले. पैसे घ्यायला बाहेर आलेल्या जालिंदरनी साल सांगितलं, मेजरसाहेबांचं नाव सांगितलं, आणि त्यानंतर आपण खाल्लेली बोलणीही सांगितली. मोघ्यांनी सगळं टिपून घेतलं. "अशी हकिकत मिळत नाही हो! पुण्यात सगळे म्हणतात, वारशानं आला."

तिसऱ्यांदा ती साखरेच्या निमित्तानं आली. "रंगही सारखा नाही. या टोकाला फिका आहे."

"तेच तर. घरगुती रंग. गिरणीचा असता तर सारखा असता." मोघे भारावून गेले होते. "बाई, मी इतकी वर्षं गालिचे घेतोय. स्वतःच्या मालाचे दोष सांगणारी तुम्ही पहिल्याच. वर्णनात तर डाग नाही म्हणाला होतात, मला शंकाच आली होती. आता खात्री पटली."

बन्सीमामा कठड्याला टेकून हे सारं कौतुकानं बघत होते. त्यांना वाटलं, भाचीनं नवीनच डाव काढलाय. "मानलं पोरी," ते तिच्या कानात म्हणाले. "आमी दोष झाकतो, तू उघडे करून भाव पक्का करतीस."

"मामा, मला विकायचाच नाहीये," दीपा रडकुंडीला येऊन म्हणाली.

"आता? इसार घेतल्यावर? तुझ्या बापानं नोटा खिशात घातल्या. दिलेला शबुद मोडला तर मला काष्टीत तोंड दाखवता येनार न्हाई."

चौथ्यांदा ती काहीच निमित्त न सांगता उठली, पण तोवर गालिचा टपावर चढला होता. गल्लीतल्या बायका दारात जमल्या होत्या. साळूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तेव्हा जयमालाबाईंनीही नाक पुसलं. दीपा परत येऊन सतरंजीवर बसली. सम्राट तिच्याकडे काहीसा गोंधळून बघत होता. काशीबाई बघत नव्हत्या. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "घरी जाऊन कळवतो."

कळवलं बन्सीमामांमार्फतच. ते गुरुवारी आले आणि दारातच बसले. "पोराचं काय म्हननं न्हवतं. त्याला पसंत हुती. पन त्याच्या आईनं मोडता घातला. म्हनाली, पोरीचं ध्यान घरात न्हाई. बघाय आलेल्या मानसांना सोडून सारखी त्या गालिच्यावाल्याकडं पळत हुती."

"गालिचा असता तर आसं झालंच नसतं," जयमालाबाई म्हणाल्या.

गल्लीचंही हेच मत पडलं. दीपाला सगळ्यांना ओरडून सांगावंसं वाटलं, की गालिच्याचा यात काही संबंध नाही. पण गालिच्याचा संबंध होताच, आणि तो कसा होता हे सांगायची सोय नव्हती. तिला हवं होतं ते सगळं मिळालं होतं. गालिचा गेला, स्थळ गेलं, नोकरी राहिली. त्या रात्री ती उशीत तोंड खुपसून रडली.

दुसऱ्या दिवशी नवी बॅच सुरू झाली. मुलं गेल्यावर तिनं साइट उघडली. तिच्या नावाखाली मोघ्यांनी अभिप्राय लिहिला होता. माल वर्णनापेक्षा सरस, विक्रेती अत्यंत प्रामाणिक, सर्वांनी अवश्य व्यवहार करावा. दीपानं तो वाचून बंद केला. मग दार लोटून घेतलं आणि वापरलेल्या गालिच्यांचं पान काढलं.

नागपूरच्या कुणा बाईंचा एक होता, लाल-निळाच, जरा लहान. खाली गिऱ्हाइकांनी प्रश्न विचारले होते. वय किती, डाग आहेत का, कसर लागली आहे का. विक्रेतीनं सगळ्यांना नीट उत्तरं दिली होती.

दीपानं तिथे आपलाही प्रश्न टाइप केला. सरांच्या कॉम्प्युटरवर असलं लिहायला लाज वाटत होती, म्हणून एकदा खोडला आणि पुन्हा लिहिला.

"डाग, भोकं, कसर असली तरी चालेल. फक्त एवढं कळवा, की यावर बसवून आजवर किती मुली दाखवल्या, आणि त्यातल्या किती जमल्या?"