वॉरंटीचं वॉरंट

आमच्या कॉलनीतल्या बेलिफकाकांनी एका रविवारी सकाळी जालना रोडवरच्या मोटारीच्या शोरूमच्या काचेच्या दाराला नोटीस चिकटवली. चिकटवायला कणकेची खळ त्यांनी घरूनच स्टीलच्या डब्यात आणली होती. नोटिशीखाली पंच म्हणून माझी सही आहे. दुसरी सही माझ्या बायकोची. आम्ही दोघं खरं तर भाजी आणायला निघालो होतो.

"मास्तर, घड्याळ बघा."

"नऊ वाजून वीस," मी म्हणालो.

"लिहा. नऊ वाजून वीस मिन्टांनी दार बंद आढळलं, सबब दर्शनी भागी डकवलं. तामील झाली!"

शोरूमचा वॉचमन लांबून बघत होता. तो जवळ आला आणि म्हणाला, "जाहिरात हाय का काका?"

"समन्स हाय!" काका असे काही गरजले, की वॉचमननं त्या कागदाला नमस्कार केला. खोटं सांगत नाही, माझ्या अंगावर काटा आला. पंचवीस वर्षं मी शाळेत मराठी शिकवतोय. एवढं थरारक काही माझ्या आयुष्यात घडलं नव्हतं.

बेलिफकाका म्हणजे गंगाधर साळवे. मूळचे पिशोरचे, आता पडेगावात आमच्या समोरच्या घरात राहतात. बत्तीस वर्षं कोर्टात बेलिफ होते. सायकलवरून गावोगाव जायचं, समन्स आणि नोटिसा ज्याच्या त्याच्या हातात द्यायच्या, सही घ्यायची, आणि काय घडलं त्याचा शेरा लिहून कोर्टाला कळवायचं, हे त्यांचं काम. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. नोकरी सुटली, काम काही सुटलं नाही. दिवाळीत फराळाचं ताट आणून दिलं तरी ते पोच म्हणून वहीवर सही घेतात. एकदा माझ्या बायकोनं चिवडा मिरची जास्त म्हणून परत केला. काकांनी शांतपणे खिशातून पेन काढलं आणि वहीत लिहिलं, "घेण्यास नकार."

वॉरंटीबद्दल त्यांचा स्वतःचा सिद्धांत आहे. तो त्यांनी मला पहिल्यांदा सांगितला तेव्हा मी हसलो होतो.

"मास्तर, वॉरंट आन् वॉरंटी एकाच घरातल्या. वॉरंट निघतं माणसावर, वॉरंटी निघते कंपनीवर. दोन्हीत हजर व्हावंच लागतं!"

"काका, वॉरंटी म्हणजे हमी हो."

"हमी तोंडी असते. ह्याच्यावर शिक्का हाय."

माझं मराठी तिथं संपलं. त्यांची पांढरी छोटी गाडी आली त्या दिवसापासून वॉरंटीचं पुस्तक त्यांच्या उशाशी असतं. लोक सकाळी पेपर वाचतात, काका कलम वाचतात. कशाची हमी आहे, कशाची नाही, सर्व्हिसिंग किती दिवसांनी, सगळं पाठ. सर्व्हिसिंगची तारीख आली की ते आदल्या दिवशीच दाढी करून तयार.

आणि एवढं असून गाडी काकांना चालवता येत नाही. गाडी चालवतात काकू.

कौशल्याकाकू सत्तावन्नाव्या वर्षी गाडी शिकल्या. अंगणवाडीतलं काम सोडल्यावर दुसऱ्याच महिन्यात क्लास लावला. छावणीच्या मैदानावर आठ-आठ चकरा मारल्या आणि लायसन्स पहिल्या फटक्यात काढलं. कॉलनीतल्या आम्हा पुरुषांना हे जरा जड गेलं, आता कबूल करतो. काकूंनी गाडी मागे घेतली की आम्ही चौघं-पाच जण "डावीकडे, डावीकडे" असं ओरडायला फाटकाशी हजर. "काकू निघाल्या, लेकरं आत घ्या," हा विनोद माझा आहे. तो मला फार आवडायचा. काका मात्र शेजारच्या सीटवर पुस्तक मांडीवर घेऊन ताठ बसायचे, जणू गाडी न्यायाधीशांची आहे.

अशी चार वर्षं मजेत गेली. मग एक दिवस काकू म्हणाल्या, "अहो, चाक लई जड झालंय. वळवताना खांदा भरून येतो."

पॉवर स्टिअरिंगची मोटर गेली होती. वॉरंटी संपायला सात दिवस होते. काकांच्या चेहऱ्यावर मी जो आनंद पाहिला तो सांगता येणार नाही. चार वर्षं ज्या पुस्तकाचं पारायण केलं, ते अखेर कामाला येणार होतं!

गाडी शोरूमच्या मागच्या सर्व्हिस सेंटरला मी चालवत नेली. तिथल्या पोरसवदा सल्लागारानं चाक फिरवलं, बॉनेट उघडलं, हूं हूं केलं आणि म्हणाला, "काका, ये वॉरंटीमध्ये नाय बसत. गाडी उभी ठेवून कुणीतरी जोरात चाक वळवलंय, वळवून धरून ठेवलंय. मोटर जळणारच. कोण चालवतं?"

"आमच्या मिसेस," काका म्हणाले.

"अच्छा," तो म्हणाला, आणि जॉबकार्डावर शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'चालकाची चूक'. मोटर उघडली नाही, तपासली नाही, काही नाही. त्या एका 'अच्छा'त त्याचा सगळा तपास झाला.

खरं सांगतो, मलाही मनातून ते पटलं होतं.

वॉरंटी पाळतात का, असं मला हल्ली खूप जण विचारतात. पाळतात. पण पहिलं उत्तर 'नाही' असतं, आणि ते तोंडी असतं. दहातले नऊ जण त्या पहिल्या 'नाही'वर घरी जातात. काका दहावे. ते म्हणाले, "नाही म्हणता ना? मग पुस्तकातल्या कोणत्या कलमाखाली, ते लेखी द्या." सल्लागार म्हणाला, "लेखी नाय देता येत." "मग नाय बी म्हणता येत नाय," काका म्हणाले. दोन दिवस हेच. तिसऱ्या दिवशी रविवार, शोरूम बंद, आणि काकांनी खळ शिजवली.

सोमवारी आम्ही पुन्हा गेलो. गाडी तिथंच उभी होती, त्यामुळे माझ्या स्कूटरवर. नोटीस अर्धी खरवडलेली होती, पण खळ घरची होती, 'हजर राहावे' एवढं काचेवर शाबूत होतं. आत एसीत दहा-बारा गिऱ्हाइकं कॉफी पीत बसलेली. "मॅडम मीटिंगमध्ये आहेत, थांबा," असं तासाभरात आम्हाला तीनदा सांगण्यात आलं. तिसऱ्यांदा ऐकल्यावर काका उठले. सदऱ्याच्या बाह्या नीट केल्या. हॉलच्या मधोमध उभे राहिले आणि कोर्टात पक्षकाराच्या नावाचा पुकारा करतात तसा, पोटातून आवाज काढून त्यांनी पुकारा केला.

"मोटार कंपनी, हाजिर हो!"

कॉफीचे कप थांबले.

"मोटार कंपनी, हाजिर हो!"

नव्या गाडीची पूजा करायला आलेलं एक कुटुंब नारळासकट जागच्या जागी उभं राहिलं. तिसरा पुकारा व्हायच्या आत काचेच्या केबिनमधून मॅनेजरबाई धावत बाहेर आल्या. एका गिऱ्हाइकानं टाळ्या वाजवल्या. दुसऱ्यानं वाजवल्या. मीही वाजवल्या! पंचानं तटस्थ राहायचं असतं हे मला नंतर आठवलं.

मॅनेजरबाई समजूतदार होत्या. कागद पाहिले, सर्व्हिसिंगचे शिक्के पाहिले, एकही तारीख चुकलेली नाही हे पाहिलं. म्हणाल्या, "काका, ठीक आहे. सद्भावना म्हणून आम्ही मोटर फुकट बदलून देतो."

मी जवळजवळ उडालोच. जिंकलो! काका मात्र हलले नाहीत.

"आन् शेरा?"

"शेरा राहू द्या ना. तुम्हाला कामाशी मतलब."

"शेरा खोडा."

"तो खोडायचा तर मोटर उघडून तपासावी लागेल. कंपनीचा इंजिनिअर यावा लागेल. त्यात चूक तुमचीच निघाली तर मग फुकटही मिळणार नाही. विचार करा."

"उघडा," काका म्हणाले.

मी त्यांना दंडाला धरून बाहेर आणलं. मला राग आला होता. वॉरंटीचे जेमतेम चार दिवस उरले होते, ताटात वाढलेलं होतं, आणि हा माणूस ताट सरकवत होता. "काका, एका शब्दासाठी?" मी म्हणालो. "कोण वाचतंय तो शेरा?"

काका फाटकाबाहेरच्या कठड्यावर बसले.

"हिनं वाचलाय," ते म्हणाले.

मग म्हणाले, "त्या दिवशी आपण रिक्षानं घरी आलो ना, जॉबकार्ड माझ्या खिशात व्हतं. हिनं सदरा धुवायला घेतला. वाचलं. रात्री जेवताना म्हणली, 'माझ्याच हातानं बिघडली म्हणा की. लोकं हसत व्हती ते काय उगाच नाय. आता विकून टाका गाडी.' मास्तर, चार वर्षांत ही बाई तीनदा एकटी पिशोरला जाऊन आली. हिचं माहेर बी तिथलंच. दारात गाडी उभी करून हॉर्न वाजवायची. मला म्हणायची, तुम्ही आयुष्यभर सायकल हाणली, आता मी तुम्हाला फिरवते."

मी खाली मान घातली. हसणाऱ्या लोकांत मी होतो.

"शेऱ्याचं मला विचारा," काका म्हणाले. "फुलंब्रीकडं एक म्हातारी व्हती. मी समन्स पुढं केलं, तिनं हात मागं घेतले. मी लिहिलं, 'घेण्यास नकार'. कोर्टानं समन्स पोचलं असं धरलं, निकाल तिच्या माघारी लागला, शेत गेलं. नंतर कळलं, तिला वाचता येत नव्हतं. भ्याली व्हती फक्त. मी इचारलंच नव्हतं. ते माझं दोन शब्दांचं काम व्हतं, मास्तर. आता हिच्यावर कुणी इचारल्याबिगर दोन शब्द लिहायचे आन् मी फुकटची मोटर घेऊन घरी जायचं? नाय जमणार."

आम्ही आत गेलो. काकांनी स्वतःच्या हातानं अर्ज लिहिला, 'मोटर पंचांसमक्ष उघडावी.' मॅनेजरबाईंनी तो दोनदा वाचला आणि त्यावर पोच दिली.

इंजिनिअर आला तो वॉरंटीच्या शेवटच्या दिवशी, दुपारी. पुढचा अर्धा तास माझ्या छातीत जे धडधडत होतं, ते दहावीच्या निकालालाही धडधडलं नव्हतं. टेबलावर पांढरं फडकं अंथरलं. मोटर त्यावर ठेवली. एका बाजूला सल्लागार, दुसऱ्या बाजूला मॅनेजरबाई, आणि काका हात मागे बांधून उभे. एक स्क्रू निघाला, दुसरा निघाला, तिसरा अडकला. तो निघेपर्यंत माझा मनात सगळ्या देवांना पुकारा करून झाला.

झाकण उघडलं. आत तांबूस गंज होता. इंजिनिअरनं चिमट्यानं एक काळी रबरी कडी बाहेर काढली आणि उजेडात धरली. कडी एका जागी दुमडून चपटी झाली होती.

"ही बसवतानाच दुमडलीय," तो म्हणाला. "कारखान्यातच. इथून पाणी आत जात राहिलं, मोटर हळूहळू जाम झाली. चालवणाऱ्याचा काही संबंध नाही."

"मोठ्यानं सांगा," काका म्हणाले.

"चालवणाऱ्याचा काही संबंध नाही!"

मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. सल्लागारानं मान खाली घालून जुन्या शेऱ्यावर रेघ मारली. काकांनी त्याला पाणी प्यायला दिलं, पाठीवर हात ठेवला आणि नवा शेरा सांगितला. तो लिहीत गेला. 'पुर्जा मुळातच सदोष. चालकाची चूक नाही. आधीचा शेरा रद्द.' खाली मॅनेजरबाईंची सही आणि शिक्का. मोटर दोन दिवसांनी बसणार होती, तीही वॉरंटीत, सद्भावनेत नव्हे.

त्या कागदाची घडी काकांनी खिशात घातली नाही. स्कूटरवर मागे बसून पडेगावपर्यंत हातातच धरून आणली.

काकू ओट्यावर गहू निवडत बसल्या होत्या. काका पायरीखालीच थांबले. खाकरले.

"कौशल्या गंगाधर साळवे, आपणच का?"

"येड लागलं का तुम्हाला? उन्हात काय उभे राहिलात, आत या."

"आपणच का?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी पंचाचा चेहरा करून उभा होतो. "व्हय, मीच," त्या म्हणाल्या.

काकांनी दोन्ही हातांनी कागद पुढं केला. काकूंनी हात पदराला पुसले आणि घेतला. अक्षर लावत वाचला. मग पुन्हा वाचला, या वेळी पुटपुटत, आणि "चालकाची चूक नाही" या ठिकाणी बोट ठेवून थांबल्या.

"मला वाटलं व्हतं, मीच..." एवढंच त्या म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून रडायला लागल्या.

मला वाटलं, काका आता वळतील. कागद हातात पडला की बेलिफ दारात उभा राहत नाही. लोक रडतात, शिव्या देतात, दार लावून घेतात, आणि तोवर तो सायकलवर बसून वळणापर्यंत गेलेला असतो. बत्तीस वर्षं त्यांनी तेच केलं होतं.

काका वळले नाहीत. त्यांनी चपला काढल्या, पायरी चढले आणि काकूंच्या शेजारी, गव्हाच्या सुपाला लागून, ओट्यावर बसले.