गडी गेला

माणूस मरतो हे खरं असलं, तरी नुसतं मरून भागत नाही. कशानं मेला हे सरकारला पटल्याशिवाय मरण पुरं होत नाही. म्हातारपणानं किंवा दुखण्यानं जातात ते सरळमार्गी लोक. त्यांचं काय ते डॉक्टर बघतो. पण तब्येत ठणठणीत असताना जे अचानक उठून जातात, त्यांची मोठी पंचाईत असते. (त्यांची नव्हे, ते सुटले. मागं राहिलेल्यांची, आणि त्याहून जास्त कक्षाची.)

हा कक्ष निपाणीत एका जुन्या तंबाखूच्या वखारीच्या माडीवर आहे. नाव 'अनैसर्गिक मृत्यू कारणनिश्चिती कक्ष'. पाटी तीन भाषांत आहे आणि तिन्ही भाषांत निरनिराळ्या ठिकाणी चुकलेली आहे, म्हणजे कुठल्याच भाषिकावर अन्याय नाही. खालच्या तंबाखूची धूळ वर येते, त्यामुळं जिना चढून आलेल्या प्रत्येकाच्या डोळ्याला धार लागते. एका अर्थी हे बरंच आहे. खरोखर कोण रडतंय हे ओळखायचं काम कर्मचाऱ्यांवर पडत नाही.

कक्षाचे प्रमुख नागेंद्र. मूळचे खानापूरकडच्या शेतकरी घरातले, स्वभावानं मऊ, डोक्याला तेल, आणि कामात असा वाघ की त्यांच्या कारकिर्दीत एकही मृत माणूस कारणावाचून परत गेलेला नाही. वार्षिक अहवालच बघा ना. शंभर टक्के मृतांना कारण मिळालं; सदतीस टक्के नातेवाइकांनी ते मान्य केलं आणि उरलेल्यांना समजावण्यात आलं.

पद्धतही सोपी. कॉम्प्युटरवर चार रकाने: आत्महत्या, हिंसा, आपत्ती, युद्ध. स्वतःनं मारलं तर आत्महत्या, शेजाऱ्यानं मारलं तर हिंसा, देवानं मारलं तर आपत्ती आणि देशानं मारलं तर युद्ध. याबाहेर माणूस मरूच शकत नाही. मरायचा हट्टच धरला तर मशीन लाल होतं आणि पुढं सरकत नाही. नागेंद्र नव्या कर्मचाऱ्यांना हे समजावून सांगत तेव्हा त्यांचा आवाज जड होई. केवढा मोठा विचार! जगातली सगळी दुःखं चार चौकोनांत बसवणारा माणूस कोण असेल, त्याच्या पाया पडावं असं त्यांना मनापासून वाटे.

आणि मग सत्याप्पा मास्तर मेले.

कोगनोळीच्या नाक्यापासून थोडं आत, आडवाटेला, एक लोखंडी स्वागत कमान होती. हद्दीची रेघ तिथं तिरकी जाते म्हणून कमानीचा एक पाय अलीकडच्या राज्यात आणि दुसरा पलीकडच्या. कुण्या एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाला उभी केलेली, वाढदिवस झाला तरी तशीच राहिलेली. त्या वाटेला तेवढीच काय ती सावली, म्हणून कोल्हापूरची गाडी तिथं थांबायची. आणि गाडी तिथं थांबते म्हणून माणसं तिथं उभी राहायची. रिटायर झालेले सत्याप्पा मास्तर चष्म्याची काडी बसवून आणायला निघाले होते. गाडीच्या आधी कमान आली.

चहाच्या टपरीवरचा भरमू धावला, पण धावून काय करणार? लोखंड उचलायला दहा गडी लागले.

प्रकरण कक्षात आलं. नागेंद्रांनी नियमाप्रमाणं एकेक रकाना तपासला. आधी आपत्ती. आपत्तीला वारा लागतो, आणि तोही परिपत्रकात दिलेल्या वेगाचा. त्या दिवशी वारा होता, पण भरमूच्या टपरीवरचं वर्तमानपत्रसुद्धा उडालं नव्हतं. शिवाय आपत्ती झाली की पाहणीला कुणीतरी मोठं माणूस यावं लागतं. इथं कुणी फिरकलं नाही. म्हणजे आपत्ती नव्हतीच. (हा तर्क उलटा वाटेल, पण कक्षात तो सरळ मानतात.)

मग हिंसा. हिंसेला मारणारा लागतो. कमानीवर एकोणीस जणांचे फोटो होते, सगळे हात जोडलेले. दोन्ही हात जोडलेला माणूस कुणाला काय मारणार? तरीही नागेंद्रांनी एकोणीस जणांना पत्रं पाठवली. एकोणीस जणांनी कळवलं की आपण त्या कमानीवर केवळ फोटोपुरते हजर होतो. अलीकडच्या खात्यानं कळवलं की कमान पलीकडच्या पायाकडून कलंडली. पलीकडच्या खात्यानं कळवलं की पडली ती अलीकडे.

राहिली आत्महत्या. इथं मात्र कागद सापडले. मास्तरांनी गेल्या दोन वर्षांत तीन अर्ज केले होते. सुवाच्य अक्षर, खाली सही, अगदी मास्तरी मराठी: 'सदर कमान गंजून झुकली असून ती कोणत्याही क्षणी कोसळेल व खाली उभा असलेला मनुष्य हकनाक मरेल.' आता याला काय म्हणायचं? कमान पडणार हे या गृहस्थांना ठाऊक होतं. लेखी ठाऊक होतं. तरीही ते तिच्याखाली जाऊन उभे राहिले, कुणी ढकललं नाही, आणि मरणाआधीची चिठ्ठी एक नव्हे, तीन प्रतींत सादर केली. नागेंद्रांच्या नोकरीत इतकी पुराव्यानिशी आत्महत्या कुणी केली नव्हती.

दाखला घरी गेला आणि मास्तरांच्या पत्नी पारूबाईंच्या घरावर दुसरी कमान पडली.

कारण दाखला सरकारी असला तरी तो वाचणारी माणसं गावाची असतात. मास्तर गेले तेव्हा सगळा गाव हळहळला होता. आता तोच गाव पुन्हा भेटायला येऊ लागला, आणि चहा पिता पिता पारूबाईंकडे तिरक्या नजरेनं बघू लागला. घरात काय झालतं गं? भांडनबिंडन? विहारात वंदनेला बसल्यावर शेजारची मालुबाई कानाशी आली आणि हळूच म्हणाली, "पारू, त्या दिशी सकाळी जेवाय वाढलंतंस न्हवं?" चाळीस वर्षं ज्या माणसाला गरम भाकरी करून वाढली, त्याला मरायला पारूबाईंनीच लावलं असं एका छापील शब्दानं ठरवून टाकलं होतं. पारूबाईंनी विहारात जाणं सोडलं. पाणी भरायला जाणंही सोडलं. कुणाकुणाला सांगत बसणार, आणि ऐकणार कोण?

शेवटी त्या लेकीला घेऊन वखारीची माडी चढल्या. लेक उपासना बेळगावात कॉलेजवर शिकवते. तिच्या पिशवीत कायद्याची दोन पुस्तकं होती. पारूबाईंकडे काही नव्हतं.

"सायेब," त्या म्हणाल्या, "माझं मालक कमान पडून गेलं. तेवढंच ल्ह्या. दुसरं कायबी नगो मला."

"कमान असा रकाना नाही, आक्का," नागेंद्र म्हणाले.

"मग जबाबदार कोण आहे?" उपासनानं विचारलं.

"जबाबदार हाही नाही."

पारूबाई तिथंच फरशीवर बसल्या. डोळ्यांतून पाणी चाललेलं, आणि या वेळी ते तंबाखूचं नव्हतं, हे नागेंद्रांना कळलं. माणूस वाईट नव्हता हो! दगड असता तर एवढ्या वर्षांत सचिव झाला असता. त्यांनी फेरतपासणीचा शेरा मारला आणि साक्षीदार म्हणून भरमूला बोलावून घेतलं.

भरमूला आयुष्यात पहिल्यांदा कुणी सरकारी खुर्चीत बसवलं होतं. त्यानं खुर्ची आधी हातानं झाडली. जबाब टाइप करायला शिवलीला होती, गोकाकची. पोरगी हुशार, कामाला चलाख; मराठी बऱ्यापैकी समजायची, पण भरमूची मराठी म्हणजे तोंडात तंबाखू, त्यातून निसटलेली. नियम असा की साक्षीदार आपल्या भाषेत बोलणार, शिवलीला ते कन्नडमध्ये उतरवणार, आणि मशीन त्यातून रकाना निवडणार.

"काय सांगू सायेब," भरमूनं डोळे पुसले, "लई मोठा आवाज झाला. धूळ उडाली. मानसं पळाली. आनि बघतोय तर... गडी गेला! एवढा मोठा गडी गेला, सायेब!"

आता आपल्याकडं गडी म्हणजे माणूस. शिवलीलाकडं गडी म्हणजे सरहद्द. आणि गेलं, गेलू, गेल्ल असं काहीही कानावर पडलं की तिच्या भाषेत ते जिंकण्याच्या आसपास जातं. तिनं आजवर कक्षात रडणारे साक्षीदार पाहिले होते; हा आनंदानं रडतोय असं तिला वाटलं. तिनं टाइप केलं: 'मोठा आवाज. धूळ. लोकांची पळापळ. सरहद्द जिंकली. फार मोठी सरहद्द जिंकली.'

मशीन बराच वेळ गुरगुरलं, हिरवं झालं, आणि चौथ्या रकान्यात जाऊन बसलं. युद्ध. खाली आपणहून एक ओळ उमटली: निकाल, विजय.

नागेंद्रांनी कागद हातात घेतला आणि चूक त्यांना तिथल्या तिथं दिसली. जन्म या मातीतला. दोन्ही गडी त्यांना लहानपणापासून ठाऊक. दुरुस्ती करणं एका बटणाचं काम. पण दुरुस्ती केली की युद्ध जाणार, आणि रिकामा रकाना मशीन ठेवत नाही. म्हणजे पुन्हा आत्महत्या. त्यांनी बाहेर बाकावर बसलेल्या मायलेकींना आत बोलावलं आणि, नोकरीत प्रथमच, सगळं खरं खरं सांगितलं.

उपासना आधी हसली, मग संतापली. "हे काय चाललंय? माझे वडील बस धरायला उभे होते! हे लिहिता येत नाही तुम्हाला?"

"येत नाही, बाई. दोनच वाटा आहेत. एकतर त्यांनी स्वतःला मारलं, नाहीतर ते लढाईत गेले."

पारूबाईंनी विचारलं. "लढाईत म्हंजे... आमच्या मास्तरांनी कुनाला मारलं, असं हुईल काय त्यात?"

"न्हाय, आक्का. फकस्त ते मेले, एवढंच." नागेंद्र गावाकडच्या बोलीत कधी आले ते त्यांचं त्यांनाही समजलं नाही.

"मग कोन मला काय इचारनार न्हाय?"

"कोन इचारनार न्हाय."

"आई, हे खोटं आहे," उपासना म्हणाली.

"व्हय की गं. पयलं बी खोटंच हुतं. पर त्या खोट्यात मी मारलंतं त्यास्नी." पारूबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "ह्यात तरी मी न्हाय. ऱ्हाऊ दे."

पिशवीतली पुस्तकं उपासनानं बाहेर काढलीच नाहीत.

पुढचं सगळं अगदी रीतसर झालं. सरहद्दीवर शांततेच्या काळात लढाई झाली, आपण ती जिंकली आणि आपला एकच माणूस कामी आला, ही बातमी दोन्ही राज्यांना एकदमच आवडली. आपण कोणाशी लढलो हे अलीकडच्यांनी विचारलं नाही, कारण त्यांना माहीत होतं. पलीकडच्यांनीही विचारलं नाही, त्याच कारणानं. दोघांनीही सत्याप्पा मास्तरांना आपला हुतात्मा म्हणून जाहीर केलं. ते एकोणीस जणही पुढं आले आणि त्यांनी सांगितलं की या रणभूमीवर आपण पहिल्यापासून हजर होतो. (पुराव्यादाखल फोटो होतेच.) मालुबाई पारूबाईंच्या घरी नारळ घेऊन आली आणि म्हणाली, मला पयल्यापासनं वाटतच हुतं गं, मास्तरांच्या चालन्यातच एक ऐट हुती.

हुतात्म्याचं स्मारक हवं. ते कसलं असावं यावर दोन्ही राज्यांत मतभेद होतील अशी भीती होती, पण आश्चर्य म्हणजे एकमत झालं. कमान. त्याच जागी, आधीच्या दुप्पट उंच, वर मास्तरांचा फोटो आणि दोन्ही बाजूंना एकोणीस जण. एकोणीसचे आता सव्वीस झाले होते.

उद्घाटनाला फीत कापायचा मान पारूबाईंना होता. त्यांना मोटारीतून आणलं, हातात कात्री दिली. खाली ही गर्दी. पारूबाईंनी मान वर करून बघितलं. पलीकडच्या पायाचे नट अजून बसवायचे होते, कारण पलीकडच्या खात्याची मंजुरी यायची होती. त्यांच्या हातून कात्री गळाली. त्या जीव तोडून ओरडल्या, "खालनं बाजूला व्हा रं! लेकरांनो, बाजूला व्हा!"

हुतात्म्याच्या पत्नीचा तो आवेश बघून गर्दीच्या अंगावर काटा आला. टाळ्यांचा कडकडाट झाला. मागच्यांना ऐकू आलं नव्हतं म्हणून ते आणखी पुढं सरकले, कमानीच्या अगदी खाली. पारूबाई ओरडतच होत्या, आणि माईकवाल्यानं त्यांच्यापुढं माईक धरून त्या ओरडण्याचीच घोषणा करून घेतली. नागेंद्र व्यासपीठावर मागच्या रांगेत होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. उठलेही नाहीत.

ती कमान सध्या उभी आहे, थोडी पलीकडं झुकून. गाडी तिथंच थांबते. तुम्ही निपाणीहून कोल्हापूरला जाताना केव्हातरी त्या वाटेनं याल, ऊन असेल, सावलीला उभे राहाल. राहा की, सगळेच राहतात. फक्त एक बारीक अडचण आहे. नट बसवलेले नाहीत हे आता तुम्हाला वाचून ठाऊक झालंय, म्हणजे तुमच्या बाबतीत नागेंद्रांना साक्षीदार बोलवावा लागणार नाही. पहिला रकाना, आत्महत्येचा, मोकळाच आहे. सत्याप्पा मास्तरांचे निदान तीन अर्ज तरी फायलीत होते. तुमच्या नावावर काहीच सापडणार नाही, फक्त एवढंच की हे सगळं वाचताना तुम्हाला हसू आलं होतं.