काकडीच्या पाण्यातलं मीठ

बळवंत दहिफळे यांच्या नजरेतून काहीही सुटत नसे, असं खुद्द बळवंत दहिफळे यांचं मत होतं. वय अठ्ठावन्न. कपाळ भव्य, आणि केस माघार घेत असल्यामुळे दरवर्षी आणखी भव्य होत चाललेलं. आवाज धीरगंभीर, तो तसाच राहावा म्हणून कामावर आल्या आल्या ते न चुकता गुळण्या करत. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या सरे शहराबाहेर जयदीपच्या काकडीच्या ग्रीनहाऊसमध्ये ते पगारापुरते सुपरवायझर होते, मनानं मात्र गुप्तहेर. आजवर तीन प्रकरणं त्यांनी उकलली होती. पैकी दोन प्रकरणांत हरवलेली वस्तू त्यांच्याच जॅकेटच्या खिशात निघाली. पण निघाली ना!

या जानेवारीत मात्र खरोखरीचं प्रकरण दारी चालून आलं.

ग्रीनहाऊसमध्ये काकडी मातीत नसते, खत मिसळलेल्या पाण्यावर वाढते. म्हणून दर पंधरवड्याला विहिरीचं पाणी, टाकीतलं खतपाणी आणि झाडांखाली निथळलेलं पाणी, अशा तीन बाटल्या तपासायला लॅबमध्ये जातात. त्या भरायचं काम कादंबरीकडे. ही सांगलीची मुलगी इथल्याच कॉलेजात शिकली आणि बळवंतरावांनीच तिला इथे चिकटवलं. आणखी तीन महिने नोकरी टिकली, की ती पीआरला, म्हणजे कायम राहण्याच्या परवान्याला, अप्लाय करणार होती.

लॅबच्या कागदावर लिहिलं होतं, पाणी घ्यायचा जग आणि बाटली, दोन्ही त्याच पाण्यानं तीनदा विसळून घ्या. बळवंतरावांचं बालपण पाथर्डीकडे टँकरची वाट बघण्यात गेलेलं. "तीनदा? अगं, एवढ्या पाण्यात आमच्या घरी दोघांच्या अंघोळी व्हायच्या!" असं म्हणून त्यांनी विसळणं बंद करून टाकलं होतं. कादंबरी त्यांना काका म्हणायची, म्हणून तिनं ऐकलं. काकांसमोर काय बोलणार?

तर रिपोर्ट आला आणि विहिरीच्या पाण्यात मीठ निघालं, तेही भरपूर. टाकीच्या बाटलीत किंचित, निथळलेल्या पाण्यात जवळजवळ नाहीच.

"बळवंतराव, आय ॲम सीरियस," जयदीप म्हणाला. "विहीर खारट झाली असेल तर माझं क्रॉप गेलं. आणि नसेल, तर सॅम्पल नीट घेतलं जात नाहीये."

"चोवीस तास द्या," बळवंतराव म्हणाले. त्यांनी आठ दिवस घेतले.

पहिला सिद्धांत बुटांचा. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात, ते कुणीतरी बुटांतून विहिरीपर्यंत आणत असणार. त्यांनी डॉलर स्टोअरमधलं भिंग घेऊन सगळ्यांचे बूट तपासले. सर्वांत खारट बूट त्यांचेच निघाले. हा सिद्धांत त्यांनी तत्काळ मागे घेतला.

दुसरा सिद्धांत समुद्राचा. समुद्र जमिनीखालून गुपचूप विहिरीत शिरला असावा. भरतीच्या वेळी बळवंतराव विहिरीच्या झाकणाला कान लावून अर्धा तास ओणवे राहिले. समुद्र काही बोलला नाही, कंबर मात्र दोन दिवस बोलत होती.

मग जयदीपनं तातडीनं पुन्हा करायला लावलेल्या तपासणीचा दुसरा रिपोर्ट आला. या खेपेला कादंबरीनं बाटल्या उलट्या क्रमानं भरल्या होत्या, निथळलेलं पाणी आधी आणि विहीर शेवटी. आता विहीर स्वच्छ होती आणि मीठ निथळलेल्या पाण्यात!

"बघितलंस?" बळवंतराव कुजबुजले. "गुन्हेगारानं जागा बदलली. त्याला आपला सुगावा लागलाय!"

कादंबरी त्यांच्याकडे बघत राहिली. "हो काका," एवढंच म्हणाली.

जयदीपचा धीर मात्र सुटला. "शुक्रवारपर्यंत रीझन मिळालं नाही, तर सॅम्पल घेणारा माणूस चेंज करतो. कादंबरी, सॉरी."

गुरुवारी संध्याकाळी बळवंतराव घरी ताटावर बसले, पण नुसती भाजी चिवडत राहिले. पोरीला आपणच इथे आणलं आणि आपल्याच्यानं तिला वाचवणं होत नाही, याचं त्यांना मनापासून वाईट वाटत होतं. त्यांनी सगळी हकीकत बायकोला सांगितली. प्रभाताई पोळी लाटता लाटता ऐकत होत्या.

"म्हणजे दर वेळी पहिल्या बाटलीतच मीठ?"

"हं."

"बाटली भरता कशानं?"

"जगनं. वॉशरूमबाहेर टांगलेला असतो. त्यावर मापाच्या खुणा आहेत, म्हणून फार सोयीचा."

"आणि तुम्ही गुळण्या कशात करता?"

"त्यातच. अर्धा लिटर कोमट पाणी, दोन चमचे मी..."

बळवंतरावांनी वाक्य तिथेच सोडलं. प्रभाताईंनी पोळी उलटली. "भाजी घ्या अजून," त्या म्हणाल्या.

शुक्रवारी सकाळी त्यांनी सगळ्यांना पॅकिंग हॉलमध्ये बोलावलं. लोक काकडीच्या खोक्यांवर बसले. हे वाक्य म्हणण्यासाठी बळवंतरावांनी अर्धं आयुष्य वाट पाहिली होती.

"गुन्हेगार याच हॉलमध्ये आहे!"

सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं.

"त्यानं सॅम्पलच्या जगात मिठाच्या गुळण्या केल्या. जग विसळायचा नाही, हा हुकूमही त्याचाच. पोरीनं फक्त त्याचं ऐकलं." बळवंतरावांनी खोक्यांवरून नजर फिरवली. "बाकी सगळे बसलेत. तो एकटा उभा आहे."

सगळ्यांच्या नजरा बळवंतरावांकडे वळल्या. मग जयदीप इतका हसला, की त्याला खोक्याचा आधार घ्यावा लागला.

"ओ माय गॉड, बळवंतराव! कादंबरी, तू कुठेही जात नाहीयेस. सॅम्पल तूच घेणार, लॅबच्या कागदाप्रमाणे. आणि तुम्ही, त्या जगाला हात लावायचा नाही!"

लोक पांगले. कादंबरी जवळ आली.

"काका, मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"क्रम मुद्दाम उलटा केला होता. पहिली बाटली कुठलीही असो, मीठ तिच्यातच निघालं. म्हणजे भानगड जगात. मग एका सकाळी तुम्हाला तो जग घेऊन गुळण्या करताना बघितलं."

"अगं मग बोलायचंस ना! आज तुझी नोकरी गेली असती!"

"मला दुसरीकडे काम मिळालं असतं, काका," ती म्हणाली. "तुम्हाला या वयात कुणी दिलं असतं?"

बळवंतरावांनी तोंड फिरवलं, खिशातून भिंग काढलं आणि समोरच्या वेलीचं एक पान फार बारकाईनं बघू लागले. त्या पानावर तपासण्यासारखं काहीही नव्हतं.