पाय धुण्याचा सोमवार

"अहो, टॉवेल कोणता देऊ?"

"पांढरा दे. प्रसंगाला शोभून दिसेल."

"शोभायला लग्नाला निघालाय का? इतक्या जणांचे पाय पुसणार तुम्ही आणि नंतर तो टॉवेल घासत बसणार मी. हा गडद निळा घ्या. याच्यावर मळ दिसत नाही. आणि हे रबरी हातमोजेही घ्या, नाहीतर साबणाने रात्रभर हात खाजवत बसाल."

मॅनेजरसाहेबांनी टॉवेल व हातमोजे निमूटपणे पिशवीत ठेवले. सोमवारची पहाट होती आणि त्यांच्या अंतःकरणात एक उदात्त संकल्प उदय पावला होता. अशा समयी टॉवेलच्या रंगावरून पत्नीशी वाद घालणे त्यांना उचित वाटले नाही.

या संकल्पाचे कारण असे की, मॅनेजरसाहेब ज्या लाँड्रीचा कारभार पाहत, तिच्यावर मोठे संकट घोंघावत होते. शनिवारी मालकीणबाईंनी त्यांना खोलीत बोलावून दार लावून घेतले होते. "नव्या प्रसूती रुग्णालयाच्या मेट्रनबाई सोमवारी दुपारी त्यांच्या चादरी पाहायला येणार आहेत," त्या म्हणाल्या होत्या. "त्यांना काम पसंत पडलं तर वर्षभराचं धुणं आपल्याकडे. नाही पडलं, तर निम्मी माणसं कमी करावी लागतील. कोणाला काढायचं ते तुम्हीच ठरवून ठेवा." मॅनेजरसाहेब खाली मान घालून बाहेर पडले. ज्यांना काढायचे, ती सारी माणसे दर रविवारी त्यांच्याच उपासना-मंदिरात मागच्या बाकांवर बसून त्यांच्यासोबत गीते गात असत. त्यांनी ही गोष्ट पत्नीवाचून कोणाच्या कानावर घातली नाही.

त्यातच रविवारी पाळकसाहेबांनी प्रभूने शिष्यांचे पाय धुतल्याचा प्रसंग सांगितला. जो पुढारी होऊ इच्छितो त्याने आधी सेवक व्हावे, आणि ही शिकवण केवळ रविवारी मंदिरात नव्हे, तर सोमवारी कामाच्या जागीही आचरावी, असे ते कळकळीने म्हणाले. मॅनेजरसाहेबांना वाटले, हे वचन आपल्यालाच उद्देशून आहे. हिशेबाच्या टेबलावरून ते या पदावर नुकतेच आले होते आणि माणसांवर हुकूम सोडताना त्यांची जीभ अद्याप अडखळत असे. सेवा करणे त्यांना हुकूम करण्याहून सोपे वाटले.

आणि येथेच घात झाला. कोणाला तसदी नको म्हणून त्यांनी सारी तयारी स्वहस्ते केली. धुण्याच्या खोलीतून एक निळा प्लास्टिकचा टब ओढत व्हरांड्यात आणला, त्यात कोमट पाणी ओतले, साबण टाकला आणि शेजारी स्टूल मांडले. त्या टबात शनिवारी चादरींसाठी नीळ कालवली होती आणि न विरघळलेली बरीचशी नीळ तळाशी गाळासारखी बसली होती. निळ्या टबातील पाणी निळेच दिसावे, यात संशय घेण्यासारखे काही नव्हते. व्हरांड्यातील दिवाही असा मिणमिणता होता की, त्याच्या उजेडात माणसे ओळखू येत, रंग येत नसत.

प्रथम आल्या त्या इस्त्रीवाल्या मावशी. वयाने सर्वांत वडील, आणि बोलण्यातही.

"मावशी, बसा स्टुलावर. तुमचे पाय धुवायचे आहेत."

मावशींनी पायांकडे पाहिले, मग साहेबांकडे पाहिले. "का? घाण दिसतात का? आत्ताच घरून धुऊन आलेय मी!"

"तसं नव्हे हो. सेवा म्हणून."

"साहेब, माझं काही चुकलं असेल तर तोंडावर सांगा. हे असलं नको. माझ्या छातीत धडधडतंय."

तरी त्या बसल्या. त्यांच्यामागून ड्रायव्हर आला. त्याला गुदगुल्या होत असल्याने त्याने एक पाय टबाबाहेर आणि दुसरा साहेबांच्या गुडघ्यावर झाडला. मग धुलाईवाले आले, घडीवाल्या बायका आल्या. एकेकजण भेदरल्यासारखा बसे, साहेब डोळे मिटून त्याच्याकरिता मनात प्रार्थना करीत, पाय चोळीत आणि गडद टॉवेलाने पुसून देत. डोळे मिटलेले, हातात मोजे, टॉवेल गडद; नीळ कोणाच्या दृष्टीस पडावी तरी कशी?

सर्वांत शेवटी बॉयलरदादा आले. बॉयलरपाशी आयुष्य काढल्याने त्यांच्या डोक्यावरचे केस केव्हाच रजा घेऊन गेले होते. त्यांनी हात जोडले.

"साहेब, माझे पाय तुम्ही धुवायचे नाहीत. आपल्याला नाही पटत."

"दादा, मग आपलं नातं कसलं?"

दादा रविवारच्या शाळेचे जुने विद्यार्थी. पाय धुऊन घ्यायला नाही म्हणणाऱ्या शिष्याचे प्रभूशी पुढचे संभाषण कसे झाले होते ते त्यांना ठाऊक होते आणि संधी सोडणे त्यांच्या स्वभावात नव्हते. "असं म्हणता? मग नुसते पाय कशाला? डोकंही धुवा!" असे म्हणून त्यांनी टबावर मान लवविली. साहेबांनी भक्तिभावाने त्यांच्या टकलावर चार ओंजळी पाणी घातले.

कोणीतरी गहिवरून दोन शब्द बोलेल, अशी मॅनेजरसाहेबांची मनोमन अपेक्षा होती. पण मंडळी मान खाली घालून, ओल्या पायांनी घडीघरात निघून गेली.

घडीघराचा नियम असा की, आत चप्पल घालून जायचे नाही. जमिनीवर स्वच्छ कापड अंथरून त्यावर रुग्णालयाच्या चादरी पसरलेल्या होत्या. भल्यामोठ्या चादरीची घडी घालताना दोन्ही टोकांकडील बायका एकमेकींकडे चालत येत. काम सुरू झाले, त्याबरोबर कुजबुजही सुरू झाली.

"मावशी, हे पाय धुणं म्हणजे काय हो?"

"काय म्हणजे? प्रभूने पाय कधी धुतले होते ते आठव."

घडीवालीने आठवले आणि तिच्या हातून चादर सुटली. "अगं बाई! निरोप घ्यायच्या रात्री!"

"तेच तर! साहेब चालले. नाहीतर आपण चाललो."

बातमी वाऱ्यासारखी पसरली. धुलाईवाले हातातले काम टाकून आत आले. कोणी म्हणाले साहेबांना काढले, कोणी म्हणाले लाँड्रीच विकली. एवढ्यात मावशींनी सर्वांवरून नजर फिरवली, ओठ हलवले आणि डोळे मोठे केले.

"ड्रायव्हर धरून आपण बारा जण आहोत."

प्रभूचे शिष्यही बारा होते, आणि त्यांतल्याच एकाने चांदीच्या नाण्यांसाठी त्याला दगा दिला होता. बारा जण म्हटल्यावर पुढचा प्रश्न कोणी विचारायची गरज नव्हती. जो तो दुसऱ्याकडे संशयाने पाहू लागला.

"कोणीतरी मालकीणबाईंकडे साहेबांची चुगली केली असणार," मावशी म्हणाल्या. "आता मला एवढंच सांगा, बारा जणांत पैशाची पिशवी कोणाकडे असायची?"

सर्वांच्या माना एकदम ड्रायव्हरकडे वळल्या. गिऱ्हाइकांकडून बिलाचे पैसे आणण्याची चामड्याची पिशवी त्याच्या खांद्याला लटकत होती. त्याने ती चटका बसल्यासारखी काढून फेकली.

"ओ मावशी! मी डिझेलला पैसे मागतो फक्त! चांदीचं नाणं मी उभ्या जन्मात पाहिलं नाही!"

"मग साहेबांच्या गुडघ्यावर लाथ का मारलीस?"

"गुदगुल्या झाल्या हो!"

"मनात पाप असलं की गुदगुल्या होतात!"

ड्रायव्हर पळाला. त्याला पकडायला धुलाईवाले धावले, त्यांना आवरायला घडीवाल्या धावल्या, आणि सारी मंडळी पसरलेल्या चादरींवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा गेली.

गलका ऐकून मॅनेजरसाहेब दारात आले. आपल्या सेवेमुळे मंडळी आनंदाने नाचत असावीत, असा त्यांचा प्रथमदर्शनी समज झाला. मग त्यांची दृष्टी खाली गेली. पांढऱ्याशुभ्र चादरींवर निळी पावले उमटली होती. टाचांसकट, पाचही बोटांसकट.

"हे काय?" त्यांच्या तोंडून कसाबसा शब्द फुटला.

सर्वांनी खाली पाहिले, मग स्वतःचे पाय उचलून पाहिले. त्याच क्षणी बॉयलरकडून दादा धावत आले. उष्णतेने त्यांना घाम फुटला होता आणि टकलावरून निघालेले निळे ओघळ कानामागून हनुवटीपर्यंत पोहोचले होते.

"काय झालं? कोण ओरडलं?"

घडीवालीने त्यांना पाहिले आणि किंकाळी फोडली.

मावशींनी व्हरांड्यात जाऊन टबाच्या तळाशी हात घातला आणि मूठभर नीळ वर काढली. "साहेब," त्या म्हणाल्या, "प्रभूने हातमोजे घातले नव्हते. तुम्हीही घातले नसते, तर पहिल्याच पायाला कळलं असतं."

माणसे वाचावीत म्हणून मॅनेजरसाहेबांनी रात्रंदिवस प्रार्थना केली आणि अखेर त्यांच्याच पायांनी त्यांच्या नोकऱ्या तुडवल्या. तोच फाटकाशी गाडी थांबली. ड्रायव्हर खिडकीतून डोकावला. "मेलो आता! रुग्णालयाच्या मेट्रनबाई! दुपारी यायच्या होत्या ना?"

"डागाच्या चादरी खाली घाला, चांगल्या वर ठेवा," एक धुलाईवाला म्हणाला. "वरच्या चार उलटतील आणि जातील."

"नाहीतर सांगू, चादरी तिकडूनच अशा आल्या," ड्रायव्हर म्हणाला.

सर्वजण साहेबांच्या तोंडाकडे पाहू लागले. एक क्षणभर, खोटे का सांगा, मॅनेजरसाहेबांनाही ती युक्ती पसंत पडली. वरच्या चार चादरी उलटून बाई गेल्या, तर कोणाचीही चूल विझणार नव्हती. मग त्यांच्या मनात आले, सकाळी ज्यांचे पाय आपण प्रार्थना करीत धुतले, त्यांनाच आता लबाडी करायला सांगायची? त्यांनी हातमोजे काढून खिशात कोंबले.

"लपवायचं नाही. चूक माझी आहे, मी सांगतो. आणि तुम्हालाही एक सांगायचं राहिलंय." त्यांनी शनिवारी बंद दाराआड झालेले बोलणे सांगून टाकले. "हे काम गेलं तर निम्मी माणसं जाणार. कोणाची ते मला अजून ठरवता आलेलं नाही. झोप येत नाही. म्हणून पाय धुतले."

मावशींनी पदर खोचला. "बोलायचं ना आधी! आम्ही इथे बिचाऱ्या ड्रायव्हरला फासावर चढवत होतो. चला, उचला चादरी. नीळ ओली आहे तोवर पाण्याने निघते, वाळली की हट्टाला पेटते. आणि आधी पाय फडक्यात गुंडाळा सगळ्यांनी!"

मेट्रनबाई आत आल्या तेव्हा त्यांना जे दृश्य दिसले, ते कोणत्याही लाँड्रीत सहसा दिसत नाही. फडक्यांत पाय गुंडाळलेली माणसे चादरींचे गठ्ठे घेऊन हौदाकडे धावत होती, एक निळ्या डोक्याचे गृहस्थ झडपा फिरवून गरम पाणी सोडत होते आणि मॅनेजर गुडघाभर पाण्यात उभे राहून चादरी खळबळत होते.

"मॅनेजर कोण?"

"मी, बाई." ते ओलेचिंब बाहेर आले. "तुमच्या चादरींवर डाग पडलेत. निळीचे. माझ्या हातून झालं."

"असं कसं झालं?"

मॅनेजरसाहेबांनी सर्व काही सांगितले. टब, टॉवेल, हातमोजे, काही वगळले नाही. मेट्रनबाईंचा चेहरा करारी होता आणि तो कोठेही हलला नाही.

"आणि हे डोकं?"

"ते मीच मागून घेतलं," दादा नम्रपणे म्हणाले.

मेट्रनबाईंनी खिशातून रुमाल काढला आणि तोंडावर धरला. त्यांचे खांदे हलू लागले. बाई रडतात की काय, असे वाटून घडीवाली पाण्याचा पेला घेऊन धावली. रुमाल बाजूला झाला, तेव्हा कळले की त्या हसत होत्या.

"आधीच्या लाँड्रीने," त्या डोळे टिपत म्हणाल्या, "इस्त्रीने जळलेली चादर घडीच्या आत घालून पाठवली होती. बाळंतिणीखाली अंथरल्यावर भोक दिसलं. विचारलं तर म्हणाले, तुमच्याकडेच जळली असेल. डाग काय, कुठेही पडतात हो. मी मुद्दाम लवकर आले ते, न सांगता गेलं तर काय बघायला मिळतं ते पाहायला." त्यांनी पुन्हा दादांच्या टकलाकडे पाहिले आणि पुन्हा रुमाल शोधला. "चादरी संध्याकाळी पाठवा. वर्षभराचं काम तुमचं. पण एक अट आहे. तुम्ही एकदा आमच्याकडे येऊन हे सगळं आमच्या डॉक्टरांना सांगायचं आणि त्यांचे पायही धुवायचे. मोठे डॉक्टर पहिल्या खुर्चीत बसतील. फक्त पाणी आमचं वापरू."

गाडी फाटकाबाहेर पडली आणि साऱ्यांचा जीव भांड्यात पडला. साहेबांनी मालकीणबाईंना फोन लावला.

"काम मिळालं."

"छान! म्हणजे आता कोणाला काढायचं नाही?"

"कोणालाच नाही, बाई," साहेब म्हणाले, आणि त्यांचा आवाज इतका चिरकला की पलीकडून त्यांना सर्दी झाली का म्हणून विचारणा झाली.

सायंकाळी चादरी पुन्हा पांढऱ्या होऊन इस्त्रीच्या खोलीत आल्या. पाय मात्र निळेच होते. ते आठवडाभर तसेच राहणार, असे मावशींनी जाहीर केले. मॅनेजरसाहेब दाराशी घुटमळत उभे राहिले.

"मावशी, सकाळचं जाऊ द्या. पण खरंच, तुमच्यासाठी काही करावंसं वाटतं."

मावशींनी इस्त्री उभी केली. "मनापासून विचारताय?"

"मनापासून."

"मग ती खिडकी उघडून द्या. रंगवणाऱ्यांनी रंग लावून चिकटवून ठेवलीय. उन्हाळाभर आम्ही इथे वाफेत शिजतोय. सांगायचं कोणाला? तुम्ही आत येतच नव्हता."

साहेबांनी बाही वर केली आणि सुरीने फटीतला रंग खरवडायला घेतला. ड्रायव्हरने खालून जोर लावला, दादांनी निळे डोके चौकटीला टेकवून रेटा दिला. खिडकी कुरकुरली, थरथरली आणि धाडकन उघडली. थंड वारा आत शिरला. इस्त्रीच्या टेबलांवरची फडकी हलली, घडीवाल्यांनी चेहरे वाऱ्याकडे केले.

"हुश्श!" मावशी म्हणाल्या.

"आमेन!" मागून दादांचा आवाज आला.